तीन रविवारांत बेळगाव संपलं म्हणालीस

उद्यमबाग, बेळगाव
आषाढ, गुरुवारी रात्री

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा वर्कशॉपात लाइट गेली, पोरगा जनरेटर सुरू करायला मागं गेला, आणि तेवढ्यात तू फोन काढून मला ती यादी दाखवलीस. किल्ला, किल्ल्यातली कमल बस्ती, मिलिटरी महादेव, राजहंसगड, राकसकोप, गोकाकचा धबधबा. प्रत्येकापुढं बरोबरची खूण. म्हणालीस, "काका, तीन रविवारांत बेळगाव संपलं. आता काय करू?" मी तेव्हा काही बोललो नाही. तुझा आवाज शेवटी घोगरा झाला होता आणि पोरं बघत होती. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे. तुला रागवावं की समोर बसवून चहा पाजावा हे ठरेना, म्हणून लिहायला बसलो.

तू पहिल्यांदा आमच्याकडं इन्स्पेक्शनला आलीस तो दिवस आठव. चाळीस बुशांचा, म्हणजे आरपार भोकाच्या धातूच्या नळ्यांचा, लॉट होता. आमचा पोरगा एकेका बुशात एकदाच गेज घालून "ओके" म्हणत होता. तू त्याला थांबवलंस. वर मापलंस, मधे मापलंस, तळाशी मापलंस. मग गेज काटकोनात फिरवून तेच तीनदा. एका बोअरची, म्हणजे एका भोकाची, सहा मापं. बारा बुश बाजूला काढलेस. पोरांची तोंडं पडली, पण मला आनंद झाला, कारण टेपर, म्हणजे भोकाचा निमुळतेपणा, तळाच्या मापातच सापडला होता आणि तिथं गेज नेणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं. "एकदा मापून बोअर कळत नाही काका," हे तुझंच वाक्य आहे.

दोन इंची बोअर तुला एका मापात कळत नाही, आणि एवढं मोठं गाव एका फेरीत संपलं?

आणखी एक, तेही तुला शिकवायची गरज नाही. मशीनवरून उतरलेला जॉब तू कधी लगेच मापत नाहीस. सरफेस प्लेटवर ठेवतेस, 20 अंशांवर येऊ देतेस. गरम जॉबचं माप कुणी कागदावर लिहीत नाही. तू जर्मनीहून येऊन चारच महिने झालेत. आत्ता घेतलेलं माप मी धरणार नाही, तूही धरू नकोस.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. पुन्हा जा. नवीन जागा शोधू नकोस, बघितलेल्या जागी पुन्हा जा. त्याच वारी, त्याच वेळी, त्याच माणसाकडं.

तू जर्मनीतल्या त्या आखेनबद्दल बोलतेस ना, तेव्हा मी नीट ऐकत असतो. तिथलं ते जुनं कॅथेड्रल, कार्ल राजाचं, सहाशे वर्षं जिथं राजांना मुकुट चढवले, 1978 साली युनेस्कोच्या पहिल्या यादीतच ज्याचं नाव आलं. त्याच्याबद्दल तू मला एकदा, एका दमात सांगितलंस आणि संपवलंस. पाच वर्षांत आत दोनदाच गेलीस म्हणालीस. गंधकाच्या वासाच्या त्या गरम पाण्याच्या झऱ्याबद्दलही तसंच, एकदा. पण बेकरीवाल्या बाईबद्दल तू मला चारदा सांगितलंयस. सकाळी ट्रामची नव्हे, बसची वेळ गाठायची असायची (बघ, ट्राम नाही हेसुद्धा माझ्या ध्यानात राहिलंय), तू दारातून आत शिरलीस की ती बाई विचारायची, "वी इमर?" नेहमीचंच ना? आणि तुझं उत्तर यायच्या आत पिशवीत दोन कडक पाव पडलेले असायचे.

ती हे कधीपासून विचारायला लागली, असं मी तुला विचारलं होतं. तू जरा आठवून म्हणालीस, "दुसऱ्या हिवाळ्यात."

दुसऱ्या हिवाळ्यात, पोरी. म्हणजे सव्वा वर्ष तू रोज तिच्या दारात गेलीस तेव्हा तिनं तुला ओळख दिली. बेळगावला तू तीन रविवार दिलेस, तेही दर रविवारी वेगळ्या दिशेला.

तुला तिकडचा देश आठवतो असं तू म्हणतेस. घरचे म्हणतात, आली मोठी जर्मनवाली, आणि तू गप्प बसतेस. त्यांचं सोड. आठवण येण्यात चोरी कसली? पण नेमकं काय आठवतं ते ओळख. तुला "वी इमर" आठवतं. ते कुठल्याच गावात आल्या आल्या मिळत नाही. आखेननंही तुला दिलं नव्हतं. तू ते पुन्हा पुन्हा जाऊन मिळवलं होतंस.

आता माझं सांगतो. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

मी 1981 ला कुवेतला गेलो. टर्नर म्हणून. शुवैखच्या वर्कशॉपांमधल्या एकात लेथवर होतो, राहायला फरवानियाला, एका खोलीत सहाजण. नऊ वर्षं. आमच्या गल्लीच्या तोंडाला एका इराण्याची रोटीची भट्टी होती. पहाटे साडेचारला तिथं रांग लागायची. मोठी, पातळ, गरम रोटी, वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची. मी रांगेत पुढं सरकलो की तो म्हणायचा, "शलोनक?" कसा आहेस. शब्दशः बघितलं तर, तुझा रंग काय म्हणतोय. आणि चार रोट्या काढायचा, त्यातली एक जरा करपलेली, कारण मला तशी आवडते हे त्याला ठाऊक झालं होतं. त्याला मराठी येत नव्हती, मला फारसी येत नव्हती, दोघांची अरबी मोडकीतोडकी. माझा बाप वारला असता तर पहिल्यांदा मी त्याला सांगितलं असतं, एवढं ते नातं होतं.

2 ऑगस्ट 1990 ला सद्दामचं सैन्य आत शिरलं. बँका बंद, मालक पळालेला, आठ महिन्यांची शिल्लक गेली. सप्टेंबरात आम्ही बसनं बसऱ्यावरून बगदाद, तिथून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत, मग वाळवंटात तंबू, मग अम्मान, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. त्या दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं त्यांनी अशी आणली. माझ्याजवळ अंगावरचे कपडे आणि खिशात एक मायक्रोमीटर. तोच, जो आमच्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात असतो आणि ज्याला तू "काका, हा आता म्युझियममध्ये द्या" म्हणतेस.

बेळगावला उतरलो तेव्हा हे गाव माझं जन्मगाव होतं. पण खरं सांगू? मला ते परकं होतं. तुला नवीन गाव आहे, मला जुनंच गाव नवीन होतं, आणि ते जास्त वाईट, कारण कुणी मला पाहुणा समजायला तयार नव्हतं. शहापुरातलं घर तेच, माग तोच, आप्पा त्याच मागावर. आणि मी खिडकीशी. कुवेत मोकळं होईल, मालक बोलावेल, मी परत जाईन. बॅग कपाटावर होती, ती मी खाली काढू दिली नाही. गावात फिरलो, नाही असं नाही. एकदा इकडं गेलो, एकदा तिकडं. बघितलं, झालं. अगदी तुझ्यासारखं, फक्त फोन नव्हता खुणा करायला.

आमच्या आप्पांबद्दल तुला सांगितलं पाहिजे. ते 1924 चे. गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आणि ते इथं, तू राहतेस त्या टिळकवाडीला. त्या सालचा त्यांचा जन्म. जन्मले तेव्हा बेळगाव इंग्रजांचं आणि आमचं शहापूर सांगली संस्थानात. गावातच सरहद्द. अजून धुळवड बेळगावात खेळतात आणि शहापुरात रंगपंचमी, ती त्या जुन्या रेघेचीच खूण म्हणतात. 1948 ला संस्थान मुंबई राज्यात गेलं. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. 1973 ला त्याचं नाव कर्नाटक झालं. ह्या सगळ्यात आप्पांनी घर बदललं नाही की मागाची जागा बदलली नाही. देश त्यांच्या अंगणातून चार वेळा बदलून गेला आणि ते दर सोमवारी कपिलेश्वराला जात राहिले.

मी आल्यावर पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, "येतोस काय?" गेलो. दुसऱ्या सोमवारी विचारलं. मी म्हटलं, "बघितलंय की." त्यांनी वाद घातला नाही. पण दर सोमवारी विचारायचं सोडलं नाही. चार वर्षं. मी मागं बसून हिशोब केलाय, दोनशेच्या आसपास सोमवार होतात. दोनशे वेळा एक म्हातारा माणूस दारात चपला घालून उभा राहिला आणि दोनशे वेळा मी म्हटलं, बघितलंय.

1994 च्या श्रावणाआधी ते गेले. दिवस झाल्यावर आई म्हणाली, एकदा सोमवारी जाऊन ये. देवळाबाहेर फूलवाल्या बायका बसतात. त्यातल्या एका म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी काही मागायच्या आत एक पुडी पुढं केली. बेलाची पानं आणि पांढरी कण्हेर. मग ती कन्नडात बरंच बोलली. मला त्यातले दोनच शब्द कळले, "मगा" आणि "मनसु". मुलगा आणि मन. मी, बेळगावात जन्मलेला, छत्तीस वर्षांचा माणूस, नारळवाल्याला विचारायला लागलो की ही काय म्हणते. त्यानं सांगितलं. आप्पा दर सोमवारी एक पुडी जास्त घ्यायचे. मुलाचं मन इथं लागू दे म्हणून. हे ते तिला सांगायचे. मला नाही सांगितलं. मला त्यांनी फक्त "येतोस काय" एवढंच विचारलं.

त्या सोमवारापासून मी एकही सोमवार चुकवला नाही, आजारपण सोडून. देवाचा भक्त म्हणून नाही. तिथं आप्पांना ओळखणारी माणसं होती. माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी. एकेकानं एकेक गोष्ट सांगितली, पण ती लगेच नाही सांगितली. कुणी तिसऱ्या महिन्यात, कुणी दुसऱ्या वर्षी. पहिल्या फेरीला कुणी काही सांगत नाही, पोरी. पहिल्या फेरीला सगळी गावं मुकी असतात.

म्हणून म्हणतो, पुन्हा जा.

आता तू विचारशील, तू हुशार आहेस, विचारशीलच. काका, मग तुम्ही कुवेतला पुन्हा का गेला नाहीत?

1991 च्या फेब्रुवारीत कुवेत मोकळं झालं. 1992 ला मालकाचा निरोप आला, ये, पगार वाढवून देतो. माझ्याबरोबरचे दोघे गेले. आज त्यांचे हिंदवाडीला बंगले आहेत, मुलं बाहेर आहेत. मी गेलो नाही. घरी हा विषय अजून निघतो. तुझी काकू म्हणते, तेव्हा गेला असता तर पंचवीस वर्षं उद्यमबागेत तेलात हात घालून बसावं लागलं नसतं. मी सांगतो, आप्पा थकले होते. ते खरं आहे. आई एकटी पडली असती. तेही खरं आहे. आणि पुढं युनोमार्फत नुकसानभरपाईचे पैसे आले, त्यातून मी जुना लेथ घेतला, त्याच लेथवर हे वर्कशॉप उभं राहिलं, सात घरं त्यावर चालतात. जे गेले त्यांनी सात घरं चालवली काय? माझा निर्णय चुकला असं मी कुणाला म्हणू दिलेलं नाही आणि देणार नाही.

पण तुला पूर्ण सांगायचं कबूल केलंय. गेलेल्या त्या दोघांतल्या एकाला मी एकच काम सांगितलं होतं. ती भट्टी बघून ये. त्यानं पत्रात लिहिलं, भट्टी आहे, माणूस दुसरा आहे, जुन्याचं कुणाला माहीत नाही. ते पत्र वाचल्यावर मी बॅग कपाटावरून काढली नाही, पण परत जायचा विचार तिथंच थांबला. ज्याच्याकडं पुन्हा जायचं तोच नसेल तर त्या गावात मी कुणाच्या रांगेत उभा राहू? हे कारण मी काकूला कधी सांगितलेलं नाही. एका रोटीवाल्यासाठी हिंदवाडीचा बंगला सोडला असं कसं सांगणार? पण तुला कळेल. तुझ्याकडं ती बेकरीवाली आहे.

आणि हेही ऐक. तुझी बेकरीवाली अजून तिथं आहे ना? मग जा तिच्याकडं. मी तुला जाऊ नको म्हणत नाही. डिसेंबरात रजा टाक, नाताळच्या बाजाराच्या दिवसांत आखेनला जा, तिच्या दारात उभी राहा. तिचे ते प्रिंटेनचे मसालेदार बिस्किटाचे तुकडे मलाही घेऊन ये. मी ती संधी घालवली, तू घालवू नकोस. फक्त जाण्याआधी इथं असं एक माणूस कर, जे पंधरा दिवसांनी तुला विचारेल, "कुठं होतीस गं?" तेवढं झालं की खुशाल जा. ते नसताना गेलीस तर परत येताना विमानात तुझे हाल होतील. मला अम्मानचं विमान आठवतंय, मी उगाच बोलत नाही.

तू विचारलंस, काय करू. तर कर हे.

ती यादी फोनमधून काढून टाक. ती बघितली की मला चीड येते. राजहंसगडापुढं बरोबरची खूण! पावसाळ्यात तो गड वेगळा, भातं कापल्यावर वेगळा. येळ्ळूरच्या शिवारात बासमती पोटरीला येतो तेव्हा खालून जो वास वर येतो, तो तुझ्या खुणेत कुठं बसला?

गणपत गल्लीत भाजीला जातेस तर दर वेळी वेगळीकडं भाव करत फिरू नकोस. एक बाई धर. कडोलीहून, अगसग्याहून येणाऱ्या बायका असतात, पाटी घेऊन बसतात. तिच्याकडंच जा. दोन रुपये जास्त गेले तर जाऊ दे. चौथ्या-पाचव्या खेपेला ती स्वतःहून म्हणेल, आज वांगी घेऊ नको, किडकी आहेत. त्या एका वाक्याची किंमत तुला आखेनमध्ये पाच वर्षं राहून कळली असेल. रताळ्यांचे दिवस आले की ती तुझ्यासाठी चांगली बाजूला काढून ठेवेल. मग सांग मला बेळगाव संपलं म्हणून.

सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जातेस म्हणालीस, कानात ते यंत्र घालून. ते काढ. त्याच वेळी रोज तीच म्हातारी माणसं त्याच झाडाखाली भेटतात. महिनाभर नुसती मान हलव. पुढचं ती बघतील. इथली म्हातारी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत, माझ्यावरून तुला कळलंच असेल.

कॅम्पातल्या बेकरीचा पाव कापसासारखा मऊ असतो, त्याला चव नाही, ही तुझी तक्रार. तू तिथं किती वेळा गेलीस? एकदा. तिथं भट्टी आहे, पीठ आहे, हात आहेत. सलग महिनाभर जा. मग त्याला सांग, माझे दोन पाव जरा जास्त वेळ आत ठेवा, कडक होऊ देत. पहिल्या दिवशी सांगितलंस तर तो हसेल. महिन्यानं सांगितलंस तर ठेवेल. हे मी पैजेवर सांगतो, करपलेली रोटी मी अशीच मिळवली होती.

आणि कन्नड शिक. इथं मी जरा कडक बोलणार आहे. जर्मनसाठी तू रात्री जागलीस, डेर-डी-डास पाठ केलंस, परीक्षा दिल्यास. इथं म्हणतेस, "इथं मराठी चालते की." चालते. मलाही चालत होती, छत्तीस वर्षं चालली, आणि माझ्या बापाची गोष्ट मला नारळवाल्याकडून भाषांतर करून घ्यावी लागली. सीमाप्रश्नावर माझं मत तुला ठाऊक आहे, ते बदललेलं नाही, बदलणार नाही. आप्पा 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत जायचे. पण फेरीहून आल्यावर शेजारच्या कन्नड मास्तरांबरोबर कट्ट्यावर बसून पान खायचे, आणि मास्तरांशी कन्नडात बोलायचे. त्यांना ह्यात काही अडचण दिसली नाही. मी मात्र तरुणपणी हट्टानं तोंड बंद ठेवलं, इजिप्तच्या फोरमनकडून अरबी शिकलो आणि गल्लीतली भाषा सोडली. तो हट्ट नव्हता, नुकसान होतं. तू ते करू नकोस. मराठी आपली आहेच, ती कुठं जात नाही. इथल्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात त्याला तू पहिल्या दिवशी हसलीस. ते हसू आधी पुस. ती चूक नाही, तशी इथली बोली आहे. महिनाभर त्यांच्यात बसलीस तर तुझ्याही तोंडात येईल.

कन्नडातले सुरुवातीला दहा शब्द पुरेत. नावापुढं "री" लाव, लोक उभे राहून बोलतील. "ऊट आयत्री?" जेवण झालं का, हे कुणालाही दुपारी विचार. आणि निघताना काय म्हणतात बघ. आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. ते म्हणतात "बर्तेनि", त्याचाही अर्थ येतो. आणि तूच मला शिकवलंस की जर्मन लोक निघताना "आउफ वीडरजेहेन" म्हणतात, पुन्हा भेटेपर्यंत. तिन्ही भाषांनी निघतानाच परत यायचं कबूल केलंय, आणि तू यादीवर खूण करून मोकळी होतेस.

तू मला व्हाल्सची गोष्ट सांगितली होतीस, आखेनच्या शेजारची. टेकडीवरचा तो खांब, ज्याच्याभोवती एक चक्कर मारली की जर्मनी, हॉलंड, बेल्जियम, तीन देश होतात. तू तिथं रविवारी चालत जायचीस. कितीदा गेलीस? "मोजलं नाही," म्हणालीस. हेच तर मी सांगतोय. तिथं तू मोजलं नाहीस. मग इथं का मोजतेस? तू सीमेवरच्या एका गावातून सीमेवरच्या दुसऱ्या गावात आलीयेस, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? वेंगुर्ला रोडनं बाचीच्या पुढं गेलीस की शिनोळी, आणि महाराष्ट्र लागला. पाटीवरची लिपी बदलते, एसटीचा रंग बदलतो, शेत तेच राहतं. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला इकडं येतात, इथली पोरं तिकडं एमआयडीसीत कामाला जातात. चोर्ल्याच्या घाटानं रात्रीच्या भाजीच्या गाड्या गोव्याला उतरतात. तुला सरहद्दीवर चालायची सवय आहे. बेळगावात राहायला याहून जास्त काय लागतं?

तुझ्या खोलीच्या गॅलरीत रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असतात म्हणून काकू सांगत होती. तिकडं रिकामी बाटली परत दिली की पंचवीस सेंट परत मिळायचे, ती हाताची सवय. ठेव. टाकू नकोस. माझा मायक्रोमीटर मी टाकला नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी कपिलेश्वर पुलाजवळ उभा राहतो. श्रावण लागला की तिथं पाय ठेवायला जागा नसते, गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून आत्ताच ये. ह्या सोमवारी आणि पुढच्याही. रेनकोट घे, छत्री वाऱ्यानं उलटते. ती फूलवाली आता नाही, तिची सून बसते. तिला मी तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. बेकरीवाल्यालाही नाही. ते तुझं तू कर.

त्या बारा बुशांच्या जागी नवे बारा झालेत. अजून गरम आहेत. सोमवारी देवळातून तसेच वर्कशॉपला जाऊ, गेज बरोबर आण.

तुझा,
काका